सम्राटाच्या डोक्यावरचे किरण आणि मुशीतले जस्त

रोमन नाण्यावर टोकदार किरणांचा मुकुट घातलेला सम्राट दिसला, की लगेच 'सूर्याचा अवतार' असे मथळे सुरू होतात. मुकुट सूर्यदेवाचाच, हे खरे. पण दुपोंडियस नावाच्या नाण्यावर त्याचे काम बरेचसे हिशेबी होते.

इ.स.पूर्व 23च्या सुमारास पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने चिल्लर नव्याने पाडली. सेस्टर्शियस आणि दुपोंडियस पितळेचे, आस तांब्याचा. एका सेस्टर्शियसचे दोन दुपोंडियस किंवा चार आस. दुपोंडियस आणि आस दिसायला जवळपास एकाच मापाचे, फरक रंगाचा. हाताळून काळवंडले की तोही कळेना. म्हणून सम्राट नीरोच्या काळापासून दुपोंडियसवर किरणांचा मुकुट येऊ लागला आणि पुढे रूढ झाला: मुकुट दिसला, की नाणे दोन आसांचे.

हे पितळ, म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, करणे सोपे नव्हते. रोमनांना सुटे जस्त हाताशी नव्हते, होते ते जस्ताचे खनिज. कोळशाने त्यातला ऑक्सिजन काढून घ्यायला साधारण 1000 अंश सेल्सियस लागतात. जस्त मात्र 907 अंशांनाच उकळते. म्हणजे धातू जन्मतो तोच वाफ होऊन! उघड्या भट्टीत ही वाफ हवेशी संयोग पावते आणि पांढरी भुकटी होऊन उडते. म्हणून तांब्याचे तुकडे, खनिज आणि कोळसा बंद मुशीत घालत. तांबे 1085 अंशांना वितळते, त्यामुळे ते अजून घनच असते आणि जस्ताची वाफ त्यात हळूहळू मुरते. जसजसे जस्त वाढते तसतसा मिश्रधातूवरचा त्याचा बाष्पदाबही (वाफ होऊन बाहेर पडण्याचा जोर) वाढतो. आत जाणारे आणि बाहेर पडणारे जस्त सारखे झाले की मुरणे थांबते. या रीतीने जास्तीत जास्त 28 टक्क्यांच्या आसपास जस्त मिळते.

जुनी नाणी वितळवून नवी पाडली की दरवेळी थोडे जस्त उडते. सुरुवातीच्या सेस्टर्शियसमध्ये वीसेक टक्के असलेले जस्त दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अनेक नाण्यांत 10 टक्क्यांखाली आले.

  

इ.स. 215मध्ये सम्राट कॅराकॅलाने चांदीचे नवे नाणे काढले. त्याचे मोल बहुधा दोन दिनारांचे (दिनार म्हणजे रोमनांचे आधीचे चांदीचे नाणे) असावे, वजन मात्र दीड दिनाराइतकेच. 'हे दुप्पट' असे सांगायला त्यावरही तोच किरणांचा मुकुट. 270च्या सुमारास त्यातली चांदी 5 टक्क्यांच्याही खाली गेली होती. मुकुट होता तसाच राहिला.