जागेपणी केलेलं, पण न आठवणारं रूट कॅनाल

‘झोपेत दाढ काढा, काही कळणारच नाही’ अशा अर्थाच्या जाहिराती हल्ली डेंटल क्लिनिकच्या पाट्यांवर आणि मोबाइलवर सारख्या दिसतात. त्या वाचून लोकांचा पक्का समज झालाय की इंजेक्शन दिलं की माणूस बेशुद्ध होतो, डॉक्टर काम उरकतात आणि शुद्ध येते तेव्हा दाढ निघालेली असते. या समजामुळे नुकसान दोन्हीकडून होतं. काही जण ‘भूल उतरलीच नाही तर?’ या धास्तीने गालभर सूज येईपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाहीत. काही जण साध्या फिलिंगसाठीही ‘पूर्ण बेशुद्धच करा’ म्हणून अडून बसतात.

प्रत्यक्षात डेंटिस्टच्या खुर्चीत जी गुंगी देतात तिच्यात माणूस बहुतेक वेळा जागा असतो. ‘तोंड उघडा’ म्हटलं की उघडतो, ‘दुखतंय का?’ विचारलं की मान हलवतो, मधूनच एखादं वाक्यही बोलतो. दुसऱ्या दिवशी मात्र यातलं जवळपास काहीच त्याला आठवत नाही. हे कसं घडतं, हे मला मेंदूविज्ञानातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

त्याआधी वेदना आणि भीती वेगळ्या करून घ्यायला हव्यात, कारण दोन्हींचा बंदोबस्त वेगळा आहे. वेदनेचा बंदोबस्त हिरडीत टोचलेलं लिग्नोकेन हे जागा बधिर करणारं औषध करतं. चेतातंतूच्या पडद्यावर सोडियम आत घेणाऱ्या वाहिन्या असतात, त्या लिग्नोकेन आतल्या बाजूने बंद करतं. सोडियम आत आला नाही की विद्युतसंदेश पुढे सरकत नाही आणि दाताची बातमी मेंदूपर्यंत पोचतच नाही. मिडाझोलमसारखं गुंगीचं औषध हे काम करत नाही. म्हणून गुंगी दिली तरी हिरडीतलं इंजेक्शन चुकत नाही, फक्त ते टोचताना पेशंट शांत असतो.

‘मला भूल चढतच नाही’ अशी तक्रार करणारे बरेच असतात आणि त्यांना उगाच नाटकी ठरवलं जातं. दात सुजून ठणकत असेल तर त्याभोवतीचा भाग आम्लधर्मी होतो. अशा ठिकाणी लिग्नोकेनचे बहुतेक रेणू विद्युतभारित अवस्थेत राहतात, आणि भारित रेणूंना चेतातंतूचा चरबीयुक्त पडदा ओलांडता येत नाही. औषध टोचलेलं असतं, पण कामाच्या जागी फार थोडं पोचतं. मग डॉक्टर सुजलेल्या भागापासून दूर, चेतेच्या मुळाकडे इंजेक्शन देतात किंवा आधी जंतुसंसर्ग कमी करतात. पेशंट खरंच बोलत असतो.

चेतांचा विषय निघालाच आहे तर वरची दाढ काढली की नजर अधू होते, ही आपल्याकडची घट्ट रुतलेली समजूतही तपासून बघू. वरच्या दातांची संवेदना पाचव्या मस्तिष्क चेतेची, म्हणजे ट्रायजेमिनलची, दुसरी शाखा वाहून नेते. दृष्टी ही दुसऱ्या मस्तिष्क चेतेचं काम आहे, आणि त्या दोघींचे मार्ग वेगळे आहेत. उलट, न काढलेल्या किडक्या दाढेतला पू क्वचित वर सरकून डोळ्याच्या खोबणीपर्यंत जातो आणि तेव्हा नजरेला खरोखर धोका असतो. नजर वाचवायची म्हणून सडकी दाढ जपणाऱ्या माणसांना हे कुणीतरी घरी बसवून सांगायला हवं.

आता भीती. ती मोजताही येते. जगभर वापरली जाणारी एक साधी प्रश्नावली आहे: उद्या दात दाखवायला जायचंय, तुम्ही बाहेरच्या खोलीत बसला आहात, ड्रिल लावणार आहेत, दात साफ करणार आहेत, हिरडीत इंजेक्शन देणार आहेत, तर किती काळजी वाटते? पाच प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. १९ किंवा जास्त गुण मिळाले तर भीती तीव्र मानतात. अशा माणसाला ‘त्यात काय घाबरायचं’ म्हणून उपयोग नसतो. त्याच्यासाठी औषधाचा विचार करणं हा योग्य वैद्यकीय निर्णय आहे.

सर्वांत जुना पर्याय म्हणजे नायट्रस ऑक्साइड, लोकांच्या भाषेत लाफिंग गॅस. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात या वायूचा करमणुकीचा जाहीर प्रयोग चालू होता. होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने तिथे पाहिलं की वायू हुंगलेल्या एका माणसाचा पाय जखमी झाला, पण त्याला वेदनेचा पत्ताच नव्हता. दुसऱ्याच दिवशी वेल्सने तो वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. म्हणजे वेदनारहित शस्त्रक्रियेच्या इतिहासातलं एक मोठं पान दाताच्या खुर्चीत लिहिलं गेलं.

आज हा वायू नाकावरच्या छोट्या मास्कमधून, साधारण ३० ते ५० टक्के प्रमाणात, ऑक्सिजनमध्ये मिसळून देतात. दंतोपचाराच्या यंत्रांची रचनाच अशी असते की मिश्रणात ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली जाऊ नये. हा वायू रक्तात फार कमी विरघळतो. त्यामुळे तो काही मिनिटांत चढतो आणि बंद केल्यावर तितक्याच लवकर उतरतो. त्याचा थोडा वेदनाशामक परिणामही आहे. पण आपल्याकडे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. नायट्रस ऑक्साइड बी-१२ जीवनसत्त्वातल्या कोबाल्टचं ऑक्सिडीकरण करून ते निकामी करतो. निरोगी माणसाला एखाद्या बैठकीने काही होत नाही, पण महाराष्ट्रात शाकाहारी घरांमध्ये बी-१२ची कमतरता सर्रास आढळते. हातापायांना मुंग्या येत असतील किंवा रिपोर्टमध्ये बी-१२ कमी निघालं असेल, तर ते मास्क लावण्याआधी सांगावं.

आता मिडाझोलम. हे बेन्झोडायझेपिन या शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या औषधांच्या गटातलं, डायझेपाम आणि अल्प्राझोलामचं भावंड. सत्तरच्या दशकात हॉफमन-ला रोश कंपनीत ते तयार झालं आणि त्याच्या रेणूची घडण फार हुशार आहे. डायझेपाम पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे त्याच्या इंजेक्शनमध्ये दुसरी द्रावकं घालावी लागायची आणि त्यांनी शिरेत जळजळ व्हायची. मिडाझोलमच्या रेणूतलं एक कडं आम्लात उघडतं. अँप्युलमधलं द्रावण मुद्दाम आम्लधर्मी ठेवतात, म्हणून तिथे कडं उघडं राहतं आणि औषध पाण्यात छान विरघळतं. रक्तात शिरलं की आम्लता संपते, कडं पुन्हा मिटतं, रेणू चरबीत विरघळणारा होतो आणि मेंदूभोवतीचा अडसर सहज पार करतो.

मेंदूत पोचल्यावर ते काय करतं? मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना चेतवतात तशा एकमेकींना आवरतातही. आवरण्याचं मुख्य रसायन म्हणजे गाबा. गाबा पेशीवरच्या ज्या ग्राहकावर, म्हणजे रिसेप्टरवर, बसतो तो पाच प्रथिन-तुकड्यांचं वर्तुळ असतो: सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गॅमा. मधोमध एक भोक. गाबाचे रेणू अल्फा आणि बीटा यांच्यामधल्या खाचांत बसले की भोक उघडतं, बाहेरचे क्लोराइड आयन आत शिरतात, पेशीचा आतला भाग आणखी ऋणभारित होतो आणि तिला संदेश पाठवणं जड जातं. मिडाझोलम या खाचांना हात लावत नाही. ते अल्फा आणि गॅमा यांच्यामधल्या वेगळ्याच फटीत बसतं. तिथून ते एवढंच करतं, की गाबा आला तर भोक आधीपेक्षा अधिक वेळा उघडावं.

‘गाबा आला तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मिडाझोलम एकटं असताना भोक उघडत नाही. लाउडस्पीकर बोलणाऱ्याचा आवाज वाढवतो, पण बोलणारा गप्प असेल तर लाउडस्पीकरही गप्पच राहतो. त्यामुळे या औषधाच्या परिणामाला एक नैसर्गिक मर्यादा असते. जुनी बार्बिट्युरेट औषधं मोठ्या मात्रेत गाबा नसतानाही भोक उघडं ठेवायची आणि श्वास थांबवायची. त्या तुलनेत मिडाझोलम पुष्कळ सुरक्षित आहे. ही सुरक्षितता ते एकटं असतानाची. सोबत दारू किंवा अफूच्या वर्गातलं वेदनाशामक असलं की श्वासाचा धोका खरा होतो.

आता याहून खोल जाऊ. अल्फा तुकडा एकाच प्रकारचा नसतो. १९९९ साली झ्युरिकमधल्या संशोधकांनी असे उंदीर तयार केले, ज्यांच्या अल्फा-१ तुकड्यातलं १०१व्या जागेवरचं हिस्टिडिन हे अमिनो आम्ल बदलून आर्जिनिन केलं होतं. एवढ्या एका बदलाने डायझेपामला त्या ग्राहकावर बसता येईना, गाबा मात्र नेहमीसारखा बसत होता. या उंदरांना डायझेपाम दिल्यावर ते सुस्तावले नाहीत, त्यांची स्मृतीही गेली नाही, पण त्यांची भीती मात्र कमी झाली! पुढे हाच बदल अल्फा-२ मध्ये केला, तेव्हा उलटं घडलं. उंदीर सुस्तावले, पण भीती कमी झाली नाही. म्हणजे गुंगी आणि विसर अल्फा-१ च्या वाटेने येतात आणि धीर अल्फा-२ च्या वाटेने. एकाच औषधाचे आपल्याला एकजीव वाटणारे परिणाम एका अमिनो आम्लाच्या फरकाने सोडवून वेगळे करता आले. याहून नेमका प्रयोग क्वचित वाचायला मिळतो.

विसर पडतो म्हणजे जुनं पुसलं जात नाही. नवी आठवण पक्की होण्यासाठी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणी घडवणाऱ्या भागातल्या पेशींना पुरेसं चेतावं लागतं, आणि गाबाचा जोर वाढला की त्या तेवढ्या चेतत नाहीत. म्हणून औषध देण्याआधीचं सगळं आठवतं, दिल्यानंतरचा काही काळ कोरा राहतो. याचे व्यवहारातले परिणाम थेट आहेत. ‘दोन दाढा काढू का?’ हे गुंगीत विचारून मिळालेला होकार ग्राह्य धरता येत नाही. संमती आधीच घ्यावी लागते. ‘कापूस एवढा वेळ चावून धरा, आज चूळ भरू नका’ या सूचना सोबत आलेल्या माणसाला आणि कागदावर द्याव्या लागतात. पेशंटला आपण ठणठणीत आहोत असं वाटतं, तरी त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही आणि कुठे सही करायची नाही.

शिरेतून मिडाझोलम देताना ते थोडंथोडं, परिणाम बघत देतात, कारण एका माणसाला पुरणारी मात्रा दुसऱ्याला जास्त होऊ शकते. बोटाला ऑक्सिमीटर, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बाजूला ऑक्सिजन आणि फ्लुमाझेनिल हवंच. फ्लुमाझेनिल त्याच अल्फा-गॅमा फटीत बसून मिडाझोलमला बाहेर काढतं. पण ते लवकर ओसरतं आणि गुंगी परत येऊ शकते, त्यामुळे ते दिल्यावर पेशंटला लगेच घरी सोडत नाहीत. ज्या क्लिनिकमध्ये ‘हे सगळं आहे का आणि माझ्याकडे लक्ष ठेवायला भूलतज्ज्ञ कोण आहे?’ या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही, तिथे गुंगी घेऊ नये. एकच माणूस दाढही काढतोय आणि श्वासावरही लक्ष ठेवतोय, ही व्यवस्था पुरेशी नाही.

गोळी हा सोपा पर्याय वाटतो आणि सौम्य भीतीला तो पुरतोही, पण गोळी किती चढणार हे आधी नेमकं सांगता येत नाही. मिडाझोलम आणि अल्प्राझोलाम ज्या एन्झाइममुळे आतड्यात आणि यकृतात मोडतात, त्याच एन्झाइमला काही औषधं रोखून धरतात. नायट्यासाठी आठवडेच्या आठवडे इट्राकोनॅझोल घेणारे लोक आपल्याकडे घरोघरी आहेत. अशा माणसाने तोंडावाटे मिडाझोलम घेतलं तर रक्तातली मात्रा कित्येक पटींनी वाढू शकते. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तेच. त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाताच्या डॉक्टरांना दाखवायची असते हे कुणाच्या डोक्यातही येत नाही, म्हणून लिहितोय. झोपेत मोठ्याने घोरण्याचा, श्वास अडकण्याचा त्रास असेल तर तोही सांगा. आणि शेजाऱ्याची झोपेची गोळी मागून घेऊन खुर्चीत बसू नका.

प्रोपोफोल हे शिरेतून द्यायचं भुलीचं औषध ही पुढची पायरी. तेही गाबाच्याच ग्राहकावर काम करतं, पण मोठ्या मात्रेत ते गाबाशिवायही भोक उघडू शकतं आणि त्यावर उतारा नाही. शांत पडून असलेला पेशंट थोड्याशा जास्त मात्रेने पूर्ण बेशुद्ध होतो, म्हणून ते भूलतज्ज्ञाच्याच हातात असावं. पूर्ण भूल लागते ती मोजक्या वेळी: फार लहान मूल आणि अनेक किडके दात, तीव्र मतिमंदत्व, जबड्यात खोल आडवी रुतलेली अक्कलदाढ. ब्रिटनने तर २००१ अखेरीपासून दातांसाठी पूर्ण भूल फक्त हॉस्पिटलमध्येच देण्याचा नियम केला.

एवढं कौतुक केल्यावर मिडाझोलमची एक उणीवही सांगितली पाहिजे. भीती जाते ती नव्या अनुभवाने. खुर्चीत बसलो, ड्रिल फिरलं, वाईट काही झालं नाही, हे मेंदूने नोंदवावं लागतं, आणि आपलं औषध नेमकी तीच नोंद होऊ देत नाही. बेन्झोडायझेपिन आणि मानसोपचार यांची तुलना झाली तेव्हा हेच दिसलं: औषधाने त्या दिवसाची भीती कमी झाली, पण ती परत आली, मानसोपचार घेतलेल्यांमध्ये ती कमीच राहिली. म्हणून तीव्र भीती असणाऱ्यांनी मोठं, अडलेलं काम गुंगीत एकदा उरकून घ्यावं आणि पुढची छोटी बैठक, म्हणजे नुसती तपासणी किंवा दात साफ करणं, औषधाशिवाय करून बघावी. हात वर केला की डॉक्टरांनी लगेच थांबायचं, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावं, आणि पहिल्या पाच मिनिटांत एकदा विनाकारण हात वर करून ते खरंच थांबतात का हे पाहावं.