आधी ऑलिंपिक, मग राष्ट्रीय स्पर्धा

देशातले विजेते आधी ठरवायचे आणि त्यांच्यातून ऑलिंपिकचा संघ निवडायचा, हा क्रम आज कुणालाही सरळ वाटेल. भारतात तो उलटा घडला. फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्लीत हौशी खेळाडूंची अखिल भारतीय मैदानी स्पर्धा भरली, तेव्हा भारताचा एक संघ ऑलिंपिकला जाऊन परतलाही होता.

त्या पहिल्या संघाची मुळं पुण्यात सापडतात. १९०६ साली सुरू झालेल्या डेक्कन जिमखान्याचं अध्यक्षपद पहिल्या महायुद्धानंतर उद्योगपती दोराबजी टाटांकडे आलं. केंब्रिजला शिकताना त्यांनी तिथल्या संघटित खेळांची शिस्त जवळून पाहिली होती. जिमखान्याच्या शर्यतींत त्यांना वेगळंच चित्र दिसलं. धावणारे बरेचसे शेतकरी घरांतले आणि अनवाणी. नियम ऑलिंपिकचे नव्हते, तसं प्रशिक्षणही नव्हतं. तरी काहींच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जात होत्या. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड तिथे पाहुणे होते. टाटांनी त्यांच्याकडे विषय काढला आणि लंडनमार्गे भारताच्या प्रवेशाची वाट मोकळी झाली.

१९२० मध्ये चार धावपटू आणि दोन पैलवान अँटवर्पला गेले. ध्वज पूर्मा बॅनर्जींच्या हाती होता. बेळगावच्या फडेप्पा चौगुलेंनी मॅरेथॉन पूर्ण केली आणि १९ वा क्रमांक मिळवला. ही काही साधी मॅरेथॉन नव्हती, अंतर होतं ४२.७५ किलोमीटर. ऑलिंपिकमध्ये एवढी लांब मॅरेथॉन दुसरी झालेली नाही. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, म्हणजे पदक अगदी थोडक्यात हुकलं. खरं तर या दोन नावांची महाराष्ट्रात अधिक आठवण व्हायला हवी.

पण या संघाला ‘भारताचा’ म्हणावं, अशी निवडीची व्यवस्था देशात कुठे होती? मद्रास, पंजाब किंवा संयुक्त प्रांतातल्या चपळ मुलाला पुण्या-मुंबईच्या समितीपर्यंत पोचायचा रस्ताच नव्हता. हे काम पुढे वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) या संस्थेने उचललं. संस्थेचे अमेरिकन शारीरिक संचालक डॉ. ए. जी. नोरेन आणि मद्रासला १९२० मध्ये शारीरिक शिक्षणाची शाळा काढणारे हॅरी बक या दोघांनी प्रांतोप्रांती ऑलिंपिक संघटना उभ्या राहाव्यात म्हणून खटपट केली. टाटांचा पैसा व वजन आणि वायएमसीएचं जाळं एकत्र आलं, तेव्हा दिल्लीची स्पर्धा शक्य झाली.

‘हौशी’ या अटीचा मात्र इथल्या मातीशी फारसा मेळ नव्हता. व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या सुखवस्तू मंडळींनी घडवलेला तो नियम: खेळासाठी पैसे घेतले की तुम्ही बाद. आपल्याकडे जत्रेतली कुस्ती इनामाची आणि पैलवानाचा खुराक संस्थानिकाच्या आश्रयावर. कॉलेजातला विद्यार्थी हा नियम सहज पाळू शकत होता. शेतावर राबून धावणाऱ्याला तो महागच पडणार.

दिल्लीतल्या कामगिरीवरून निवडलेला संघ त्याच वर्षी पॅरिसला गेला, बक व्यवस्थापक म्हणून सोबत होते. लांब उडीसाठी दलीप सिंग, ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीसाठी केरळचे सी. के. लक्ष्मणन, मॅरेथॉनसाठी महादेव सिंग. पदक आलं नाही, पण नकाशा बदलला होता: चार वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईभोवती फिरणारी निवड आता देशभर पसरली होती.

१९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. टाटा अध्यक्ष, नोरेन सचिव. पुढच्याच वर्षी सूत्रं पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांच्याकडे गेली. स्पर्धा दर दोन वर्षांनी लाहोर, अलाहाबाद, मद्रास अशी फिरू लागली आणि १९४० च्या मुंबईतल्या खेपेपासून तिला ‘राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा’ हे नाव मिळालं. धावण्याच्या, उड्यांच्या आणि फेकीच्या खेळांची स्वतंत्र देशव्यापी हौशी संघटना मात्र त्यानंतरची, १९४६ सालची.