'शॉर्टकट' नेमका कशाला म्हणायचे?

संगणकाची एखादी सेटिंग किंवा आतले साधन झटपट उघडण्याचा विषय निघाला की जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा येथील संगणक वर्गांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत 'शॉर्टकट' हा एकच शब्द ऐकू येतो; मात्र बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट असेल याची खात्री नसते.

या शब्दाचा पहिला अर्थ एकत्र दाबायच्या कळांच्या जोड्या; त्या जुन्या आहेत. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट आयबीएमच्या १९८१ च्या पर्सनल कॉम्प्युटरसोबत आली, तीही मुळात ग्राहकांसाठी नव्हे, तर संगणक घडवणाऱ्यांच्या सोयीसाठी. १९९५ च्या विंडोजने स्टार्ट मेनूबरोबर पडद्यावर बाण असलेली चित्रे आणली आणि त्यांनाही शॉर्टकट हेच नाव दिले. गोंधळाचे मूळ येथे आहे. असे चित्र म्हणजे मूळ प्रोग्रॅमचा पत्ता लिहिलेली एक छोटी फाइल असते. ती पुसली तर प्रोग्रॅम जात नाही आणि ती पेनड्राइव्हवर उचलून नेली तर प्रोग्रॅम सोबत येत नाही. तरीही 'गेम कॉपी करून नेला' असे समजून केवळ पत्ता घरी नेणारे विद्यार्थी त्या काळी प्रत्येक वर्गात असत. पुढे 'शॉर्टकट व्हायरस' आला. पेनड्राइव्हमधील खरे फोल्डर लपवून त्यांच्या जागी त्याच नावाची बाणवाली चित्रे ठेवणाऱ्या या प्रकारामुळे अनेकांच्या लेखी हा शब्दच एका रोगाचे नाव झाला.

या दोन अर्थांच्या आड तिसरा प्रकार झाकला गेला आणि तोच सर्वांत उपयोगी होता. विंडोज-आर दाबून उघडणाऱ्या रन-पेटीत साधनाचे नाव लिहिले की ते थेट उघडते: प्रोग्रॅम काढण्यासाठी 'अ‍ॅपविझ डॉट सीपीएल', नेटवर्क जोडण्यांसाठी 'एनसीपीए डॉट सीपीएल', हार्डवेअरसाठी 'डेव्हएमजीएमटी डॉट एमएससी'. शासकीय नोकरीसाठी संगणकाचे प्रमाणपत्र लागू झाल्यावर खान्देशात तालुक्या-तालुक्याला वर्ग उघडले, पण तेथे भर 'स्टार्ट, मग सेटिंग्ज, मग कंट्रोल पॅनेल' अशी वाट पाठ करून घेण्यावर राहिला. नावे शिकली ती दुरुस्ती करणाऱ्या मुलांनी, एकमेकांचे पाहून.

मराठीत काम करणाऱ्यांना या प्रकारात एक वेगळी अडचण येते. संगणक इनस्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीवर असताना कंट्रोल-सी किंवा विंडोज-आर बिनतक्रार चालते, कारण त्या जोड्या कळ ओळखतात. रन-पेटी मात्र अक्षरे वाचते, त्यामुळे आज्ञा लिहिण्याची खिडकी उघडणाऱ्या 'सीएमडी'च्या तीन कळा दाबल्या की पेटीत 'मस्' उमटते आणि विंडोज असे काही सापडत नसल्याचे कळवते. भाषा आधी बदलावी लागते, हे तहसील कचेरीबाहेर अर्ज टंकणाऱ्याला सांगावे लागत नाही.

वाट पाठ करण्यातली उणीव २०१२ मध्ये उघड झाली. त्या वर्षीच्या विंडोज ८ ने स्टार्टचे बटणच काढून टाकले. हा निर्णय आजही समर्थनीय वाटत नाही. विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीलाही पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते बटण परत आणावे लागले. विंडोज ८ नेच विंडोज-एक्स ही जोडी दिली, जी एका दाबात महत्त्वाच्या साधनांची यादी समोर ठेवते, हे श्रेय मात्र नाकारता येत नाही. २०१५ च्या विंडोज १० पासून सेटिंग्ज हे स्वतंत्र दालन मोठे होत गेले आणि कंट्रोल पॅनेलमधील एकेक पान तिकडे हलू लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीच्या एका मदत-पानावर कंट्रोल पॅनेल टप्प्याटप्प्याने बंद होत असल्याचा उल्लेख आला. चर्चा वाढताच शब्द बदलून 'अनेक सेटिंग्ज स्थलांतरित होत आहेत' असे करण्यात आले. या स्थलांतरात 'डेस्क डॉट सीपीएल' लिहिणारा आता सेटिंग्जच्या पानावर पोहोचतो, तर 'एनसीपीए डॉट सीपीएल' विंडोज ११ मध्येही जुनीच खिडकी उघडते.