पपईच्या नराला खिळा ठोकला तर

परसातल्या पपईला हातभर लांबीचे तुरे लोंबू लागले की शेजारून सल्ला येतोच: खोडात गंजका खिळा ठोका, झाड मादी होईल. पुढे थंडीत त्याच झाडाला खरोखर दोन-चार फळे धरतात आणि खिळ्याची कीर्ती आळीभर होते.

पपईत नर, मादी आणि उभयलिंगी अशी तीन तऱ्हेची झाडे असतात. नराची फुले बारीक, नळीसारखी, लोंबत्या तुऱ्यात येतात. आत दहा पुंकेसर आणि नावापुरता सुईएवढा अंडाशय. मादी फूल खोडालगत, पानाच्या बेचक्यात, मोठे आणि सुट्या पाच पाकळ्यांचे. त्यात पुंकेसर नसतात, मधोमध गोल फुगीर अंडाशय असतो. उभयलिंगी फुलात दोन्ही असते, पाकळ्या तळाकडे जुळलेल्या आणि अंडाशय लांबट. त्यामुळे उभयलिंगी झाडाचे फळ लांबट, जाड गराचे होते. मादीचे गोलसर, आतली पोकळी मोठी.

हे सगळे बी धरतानाच ठरते. पपईत गुणसूत्रांच्या 9 जोड्या असतात, त्यांतली एक लिंग ठरवते. मादी एक्स-एक्स, नर एक्स-वाय, इथवर माणसासारखेच. उभयलिंगी झाडात एक्सच्या जोडीला वायचा किंचित वेगळा भाऊ असतो, त्याला वायएच म्हणतात. असा तीन रूपांचा एकच घटक लिंग ठरवत असावा, हे 1938 मध्ये हवाई बेटांवर स्टोरी आणि दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर या संशोधकांनी स्वतंत्रपणे मांडले, तेही नुसती रोपे मोजून.

मोजणीत एक गोष्ट खटकते. उभयलिंगी फुलाचे स्वपरागण झाले तर हिशेबाने चार बियांत एक एक्स-एक्स, दोन एक्स-वायएच आणि एक वायएच-वायएच हवी. ही शेवटची कधी उगवतच नाही. पपईच्या गर्भाला जगायला निदान एक एक्स लागतो. वाय-वाय, वाय-वायएच, वायएच-वायएच यांपैकी कोणतीही जोडी जमली की गर्भ फळातच मरतो. म्हणून रोपांत उभयलिंगी आणि मादी यांचे प्रमाण 2:1 पडते. मादीला नराचे पराग मिळाले तर मात्र नर-मादी निम्मेनिम्मे.

मग खिळ्यानंतर फळे आली कुठून? नर फुलातला तो सुईएवढा अंडाशय मेलेला नसतो. हवा बदलली, थंडी पडली किंवा शेंडा मोडला की काही नर झाडांच्या तुऱ्यातली थोडी फुले उभयलिंगी होतात आणि लांब देठाला फळे लटकतात. झाड एक्स-वायच राहते. त्या फळात त्याच झाडाचे पराग पडले असतील, तर त्याच्या बियांतून एका मादीमागे दोन नर निघतील! खिळ्याची जखम मात्र उरते; पपईचे खोड मऊ आणि पोकळ, तिथून कूज शिरते.

उभयलिंगी झाडही हवेला हलते. कडक उन्हाळ्यात अंडाशय खुंटतो, फुले गळतात आणि खोडावर मध्येच फळांविना पट्टा दिसतो. थंडीत पुंकेसर अंडाशयाला चिकटतात, फळ वेडेवाकडे होते. मादी झाड या बाबतीत स्थिर, पण त्याला पराग बाहेरून लागतात.

वॉशिंग्टन, पुसा नन्हा या जातींत नर-मादी वेगळे. तिथे एका खड्ड्यात वीतभर अंतराने तीन रोपे लावावीत. तिन्ही नर निघण्याची शक्यता आठात एक. पाच-सहा महिन्यांनी फुले आली की पहिल्याच फुलावर निकाल देऊ नये, दोन-चार पाहावीत. दर दहा माद्यांमागे एक नर ठेवून बाकीचे जमिनीलगत कापावेत. उपटले तर शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात.

परसात एकच झाड लावायचे तर रेड लेडी, कूर्ग हनीड्यू किंवा पुसा डेलिशियस बरी, यांत नर निघत नाही. तरी मादी निघू शकते, म्हणून दोन-तीन रोपे लावून लांबट अंडाशयाचे, म्हणजे उभयलिंगी, ठेवावे. रेड लेडी संकरित आहे, तिच्या फळातले बी पेरले तर चव आणि उंची आईसारखी येईलच असे नाही. घरचे बी धरायचेच तर त्यावरची बुळबुळीत पिशवी राखेत चोळून काढावी, धुऊन सावलीत सुकवावे; त्या पिशवीत उगवण रोखणारी द्रव्ये असतात.