चालताना शरीर वर-खाली का होते? 'सहा निर्धारकां'च्या वादाची पार्श्वभूमी

मानवी चालीच्या यांत्रिकीचा धडा शिकताना 'सहा निर्धारक', म्हणजे चालताना शरीराचे वर-खाली होणे कमी करून श्रम वाचवतात असे सांगितलेल्या सहा हालचाली, पाठ केले नाहीत असा फिजिओथेरपीचा विद्यार्थी विरळाच. १९५३मध्ये अमेरिकेतल्या एका अस्थिशल्यचिकित्सेच्या नियतकालिकात ही यादी आली आणि पुढची चाळीसेक वर्षे माणूस असा का चालतो या प्रश्नाला तेच ठरलेले उत्तर होते. आता त्या उत्तराचा गाभा टिकलेला नाही. यादी मात्र परीक्षेत अजून विचारली जाते.

फार मागे जायची गरज नाही. प्राण्यांच्या हालचालींवर ग्रीकांनीही लिहिले आहे, पण हिशेब सुरू झाला तो सतराव्या शतकात. १६८०-८१मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या एका ग्रंथात इटलीतल्या एका गणितज्ञाने सांध्यांना तरफेचे नियम लावून दाखवले. स्नायू सांध्याच्या अगदी जवळ हाडाला चिकटतो, म्हणून हातातल्या वजनाच्या कितीतरी पट जोर त्याला लावावा लागतो, हे आज बाळबोध वाटणारे अनुमान त्याचेच. माणसाला फळीवर आडवे झोपवायचे, फळी धारेवर तोलायची आणि गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन जिथे तोलले जाते तो बिंदू, शोधायचा, ही युक्तीही त्याचीच. न्यूटनचे गतिनियम अजून छापले जायचे होते, ते १६८७चे. साहजिकच या ग्रंथात तोलाचा विचार भक्कम आहे, गतीचा तेवढा नाही.

१८३६मध्ये दोघा जर्मन भावांनी सांगितले की पुढे जाणारा पाय लंबकासारखा आपोआप झुलतो, त्याला स्नायूंची गरज नसते. कल्पना देखणी होती आणि तपासायला साधन नव्हते, म्हणून ती बरीच वर्षे टिकली. पुढे १८८०च्या दशकात पॅरिसमध्ये एकाच काचेवर हालचालीचे एकामागून एक क्षण टिपणारे छायाचित्रण आले आणि डोळ्यांना न दिसणारे दिसू लागले.

तपासणी खऱ्या अर्थाने झाली ती लाइपझिगमध्ये, १८९१ साली. काळ्या कपड्यांतल्या माणसाच्या हातापायांवर वायू भरलेल्या काचेच्या बारीक नळ्या बांधल्या, त्यांना विजेच्या तारा जोडल्या आणि रात्रीच्या अंधारात त्याला चालायला लावले. नळ्या ठरावीक अंतराने लुकलुकत, कॅमेरे ते प्रकाशाचे तुकडे टिपत. एवढा साज चढवायला तासन्‌तास लागत. प्रत्यक्ष चालणे मोजक्या पावलांचे. त्या ठिपक्यांवरून प्रत्येक अवयवाची त्रिमितीय जागा, वेग आणि त्यावरचे बल हाताने काढायचे होते. त्यावरचे लेखन १८९५ ते १९०४ असे जवळपास दहा वर्षे प्रसिद्ध होत राहिले. अवयवांची वस्तुमाने लागत होती, ती याच शहरात गोठवलेले मृतदेह कापून १८८९मध्ये काढून ठेवलेली होती. निष्कर्ष असा निघाला की झुलणाऱ्या पायावर गुरुत्वाखेरीज स्नायूंचीही बले काम करतात. लंबक बाद झाला. पुढे तो उलटा होऊन परत आला, पण ते नंतर.

यानंतरचा मोठा टप्पा युद्धाने आणला. दुसऱ्या महायुद्धातून पाय गमावून परतलेल्या सैनिकांना मिळणारे कृत्रिम पाय इतके गैरसोयीचे होते की १९४५पासून अमेरिकेत त्यावर सरकारी पैशाने संशोधन सुरू झाले. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात अभियंते आणि अस्थिशल्यचिकित्सक एकाच टेबलाशी बसले. कृत्रिम पाय कसा हवा हे ठरवायचे तर धडधाकट पाय काय करतो हे आधी कळायला हवे, असा त्यांचा रास्त विचार होता. कातडीवर लावलेली खूण कातडीबरोबर सरकते आणि हाडाचे फिरणे नीट दाखवत नाही. म्हणून त्यांनी स्वयंसेवकांच्या कंबरेच्या, मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत थेट धातूच्या पिना ठोकल्या, तशा अवस्थेत त्यांना चालवले आणि चित्रण केले. १९४८मध्ये प्रसिद्ध झालेली ती मापे पुढे अनेक दशके वापरली गेली. आजची कुठलीही नीतिमत्ता समिती अशा प्रयोगाला सहजी हो म्हणणार नाही.

याच गटातून १९५३चा लेख आला. त्याचा युक्तिवाद असा: दोन सरळ काठ्या खुब्याशी जोडून कंपाससारखे चालले तर प्रत्येक पावलाला शरीराचा गुरुत्वमध्य मोठी कमान करत वर चढेल आणि खाली आपटेल. हे चढउतार म्हणजे ऊर्जेचा खर्च. निसर्ग खर्च वाचवतो, म्हणून शरीर ती कमान सपाट करते. त्यासाठी सहा उपाय. कटिभाग, म्हणजे कंबरेच्या हाडांचा सांगाडा, उभ्या अक्षाभोवती दोन्ही बाजूंना साधारण चार-चार अंश फिरतो; झुलणाऱ्या पायाच्या बाजूला तो सुमारे पाच अंश खाली झुकतो; जमिनीवरच्या पायाचा गुडघा सुमारे पंधरा अंश वाकतो; पाऊल व घोटा आणि गुडघा यांच्या मेळातून वळणे गुळगुळीत होतात, असे दोन; आणि कटिभाग बाजूला थोडासाच सरकतो. एवढे करून वर-खालीचे अंतर पाचेक सेंटिमीटरवर येते.

मांडणी इतकी नेटकी होती की ती स्वीकारली गेली याचे आश्चर्य नाही. रुग्णाची चाल पाहणाऱ्या डॉक्टरला हातात धरायला सहा मुद्दे मिळाले. एखादा बिघडला की खर्च वाढला, असे थेट म्हणता येऊ लागले. अडचण एवढीच की हे सारे भूमितीचे होते. कमान सपाट केल्याने श्रम खरोखर वाचतात का, हा प्रश्न गृहीत धरून बाजूला ठेवला गेला, आणि माझ्या मते या क्षेत्राच्या गेल्या शतकातल्या इतिहासातली ती सर्वांत महागडी सूट होती. पाठ्यपुस्तकांनी गृहीतक सिद्धांत म्हणून छापले. पुनर्वसनात 'समतल चाल' हे ध्येय झाले.

खरे तर विरोधी पुरावा दहाच वर्षांत पुढे आला होता. १९६३मध्ये इटलीत गुरुत्वमध्याची स्थितिज (उंचीमुळे असलेली) आणि गतिज (वेगामुळे असलेली) ऊर्जा काढली गेली. एका पायावर उभे असताना मधल्या क्षणी शरीर सर्वांत उंच असते आणि तेव्हाच त्याचा वेग सर्वांत कमी असतो. दोन्ही पाय टेकलेले असताना नेमके उलट. एक ऊर्जा घटते तेव्हा दुसरी वाढते, आणि ही देवघेव शरीर फुकटात करते. म्हणजे ताठ पायावरून शरीर उलट्या लंबकासारखे पुढे कलंडते आणि ती कमान खर्चाची बाब नसून बचतीची आहे. दोन्ही मते एकमेकांच्या विरुद्ध होती. तरीही ती दीर्घकाळ शेजारी-शेजारी नांदली: एक रुग्णालयांत, दुसरे शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांत. एकमेकांची नियतकालिके वाचायची सवय दोन्हीकडे नव्हती, याखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही.

फरक स्वतः अनुभवायला प्रयोगशाळा लागत नाही. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला आडवी रेघ समजा आणि डोके त्या रेघेवरून जराही न हलवता वीस-पंचवीस पावले चाला. गुडघे सतत वाकलेले ठेवावे लागतात, आणि थोड्याच वेळात मांडीचे पुढचे स्नायू तक्रार करू लागतात. सपाट चाल स्वस्त असती तर असे झाले नसते.

१९९०च्या दशकाअखेरीस सहा उपाय एकेक करून तपासले गेले. कटिभागाचा झुकाव आणि गुडघ्याचे वाकणे यांनी कमानीचा माथा अवघ्या काही मिलिमीटरनीच खाली येतो, असे दिसले. गुरुत्वमध्याचे वर-खाली होणे कमी करण्यात मोठा वाटा मागच्या पायाची टाच उचलली जाण्याचा निघाला. शेवटचा घाव २००५चा. माणसांना मुद्दाम समतल चालायला लावून त्यांचा प्राणवायूचा वापर मोजला, तर ऊर्जाखर्च नेहमीच्या चालण्याच्या जवळपास दुप्पट भरला.

तरी १९५३च्या मंडळींना सरसकट मोडीत काढणे अन्याय्य ठरेल. कोनांची वर्णने बरीचशी बरोबरच होती, चुकले ते त्यांमागचे कारण. शिवाय लंबकाचे चित्रही अपुरेच होते: आदर्श लंबकाला खर्चच नसतो, मग चालून माणूस दमतो कशाने? याचे उत्तर यंत्रांकडून आले. १९९०मध्ये कॅनडात मोटार किंवा नियंत्रक नसलेले दोन पायांचे एक यंत्र हलक्या उतारावरून नुसत्या गुरुत्वावर चालवून दाखवले गेले. त्याचा पुढचा पाय तर चक्क लंबकासारखा आपोआप झुलत होता. अशा यंत्रांच्या गणितातून लक्षात आले की खरा खर्च कमानीवर नाही, दोन कमानींच्या सांध्यावर आहे. तिथे खाली येणाऱ्या शरीराची दिशा वळवून ते पुन्हा वर न्यावे लागते, आणि पुढची टाच टेकताना ऊर्जा वाया जाते. मागच्या पायाने घोट्यातून नेमक्या वेळी, टाच टेकण्याच्या किंचित आधी, रेटा दिला तर नुकसान कमी होते. पाऊल लांब टाकले की हा खर्च भराभर चढतो.

कृत्रिम पायांच्या रचनेत याचा परिणाम लगेच दिसला. नुसता आधार देणाऱ्या पावलापेक्षा रेटा परत देणाऱ्या घोट्याकडे लक्ष वळले. २०१२मध्ये मोटार बसवलेल्या कृत्रिम घोट्यावर गुडघ्याखाली पाय गमावलेल्यांचा चालण्याचा खर्च धडधाकट माणसांच्या पातळीवर आल्याची नोंद झाली. २०१५मध्ये तर मोटार आणि बॅटरीही नसलेले, पोटरीला समांतर स्प्रिंग आणि छोटा क्लच असलेले एक उपकरण निरोगी माणसांना लावले गेले. त्यांचा चालण्याचा खर्च सुमारे ७ टक्क्यांनी घटला.