‘बॉबी’ मुलासाठी नव्हे, कर्ज फेडण्यासाठी
राज कपूर यांनी ‘बॉबी’ (1973) मुलाला पदार्पण मिळावं म्हणून काढला, हे आजही सांगितलं जातं. ते चूक आहे. ऋषी कपूर 1970च्या ‘मेरा नाम जोकर’मध्येच दिसले होते. तो चित्रपट आपटला, डोक्यावर कर्ज झालं. राजेश खन्नांना घेण्याइतके पैसे नव्हते म्हणून आपली वर्णी लागली, असं खुद्द ऋषी सांगत. या अडचणीतूनच नवा साचा घडला: नायिकाही नवी, दोघंही खरोखर कोवळ्या वयाची, श्रीमंत मुलगा आणि गोवेकर कोळ्याची मुलगी, राज कपूर यांच्या आर. के. या चित्रसंस्थेसाठी प्रथमच लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं संगीत. ‘लव्ह स्टोरी’ (1981), ‘बेताब’ (1983) याच वाटेनं गेले. स्टारपुत्रांच्या पदार्पणाची रीत या दोन चित्रपटांनी रुजवली. गैरसमजाचं मूळ बहुधा तिथंच आहे.