पाणी भिंतीशी मोजतो, तलाव काठावर जगतो

सोलापुरात उन्हाळ्यात दोन माणसं भेटली की 'उजनी किती?' हा प्रश्न निघतोच. पाऊस दगा देतो त्या वर्षी उत्तराला 'मायनस' लागतं. बाहेरगावच्या माणसाला नवल वाटतं, की धरणात उणे पाणी कसं? तर उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आणि त्याखालचा मृतसाठा ६३.६६ टीएमसी. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, आणि शून्य धरतात मृतसाठ्याच्या वरच्या पातळीला. म्हणून 'उणे ५०' झालं तरी धरणात जवळपास ३७ टीएमसी पाणी असतंच.

नळाच्या आणि उसाच्या पाण्यासाठी हा हिशेब ठीक आहे. पण तलाव ही पाणथळ जागाही असते, आणि पाणथळीचा सगळा जीव असतो वीतभर पाण्याच्या काठात. चिखलातले किडे, माशांची पिल्लं, त्यांच्यावर जगणारे पक्षी, पाणी ओसरल्यावर गाळपेर करणारे शेतकरी, सगळे तिथलेच. टीएमसीच्या आकड्यात हा काठ कुठेच दिसत नाही.

तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव घ्या. अदिला नदीवरचा हा ब्रिटिशकालीन तलाव सरकारी कागदावर एकरुख. उन्हाळ्यात भिंतीपासून दूर, त्याच्या मागच्या उथळ बाजूला गेलात तर लांब गुलाबी पायांचा शेकाट्या पक्षी गुडघाभर पाण्यात चरताना दिसतो. गुडघा अर्थात त्याचा. पाणी त्याहून खोल गेलं की त्याला ती जागा सोडावी लागते.

आता हा काठ किती सरकतो, याचं जरा गणित करू. हवामान केंद्रावर सुमारे चार फूट रुंद आणि दहा इंच खोल असं पत्र्याचं गोल भांडं असतं. त्यातलं पाणी रोज किती मिलिमीटर उडालं ते मोजतात. पत्रा तापतो, त्यामुळे भांड्यातलं पाणी तलावापेक्षा जास्त उडतं. म्हणून आलेल्या आकड्याला साधारण ०.७ ने गुणायचं. समजा मे महिन्यात भांड्यातून दिवसाला १२ मिलिमीटर उडालं, तर तलावातून ८.४. आकडा किरकोळ वाटतो, पण एका हेक्टरवर तेच ८४ हजार लिटर होतं, तेही एका दिवसात. बारा दिवसांत पातळी १० सेंटिमीटर उतरते. भिंतीजवळच्या मोजपट्टीवर हे बोटभर अंतर. मागच्या बाजूला मात्र जमिनीचा उतार दोनशेला एक असेल, तर पाणी तब्बल २० मीटर मागे सरकतं. एक थेंब न उपसता!

हे सरकणं आज उपग्रहातून दिसतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो, चित्र दर पाच दिवसांनी मिळतं, आणि तेही फुकट. पाणी हिरवा प्रकाश थोडाफार परत पाठवतं, पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जवळजवळ गिळून टाकतं; माती आणि झाडं ते परत फेकतात. प्रत्येक ठिपक्यासाठी हिरव्यातून अवरक्त वजा करायचं आणि त्याला दोन्हींच्या बेरजेने भागायचं. उत्तर धन आलं तर बहुधा पाणी, ऋण आलं तर जमीन. शंभर पाण्याचे ठिपके म्हणजे एक हेक्टर. पावसाळ्यात ढग आडवे आले तर सेंटिनेल-१ चं रडार ढगांतूनही पाहतं.

पण या युक्तीला जलपर्णी चकवते. विजापूर रस्त्यावरच्या कंबर तलावावर तिचा गालिचा पसरला की उपग्रहाच्या हिशेबात तलाव म्हणजे हिरवं शेत होतं. तिथे माणसानेच जायला हवं, तेही पहाटे. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, पण पाण्यातले सगळे जीव श्वास घेतच राहतात. त्यामुळे विरघळलेला प्राणवायू सूर्योदयाच्या आधी सर्वांत कमी असतो. दुपारी बाराला मोजून 'पाणी चांगलं आहे' म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे. पहाटे तो लिटरला दोन-तीन मिलिग्रॅमवर आला असेल, तर मासे संकटात आहेत असं समजावं. जलपर्णी काढायलाच हवी, पण सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद येतच राहिलं तर ती पुन्हा फोफावते. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गाळ काढण्याची. गाळ काढणं गरजेचं आहे, शेतालाही तो सोन्यासारखा. पण जेसीबी आणि ट्रॅक्टर जिथे सहज पोचतात तिथेच खोदतात, म्हणजे नेमका उथळ काठ. तिथे उभ्या कडांचे खड्डे पडतात. साठा वाढल्याची नोंद होते आणि शेकाट्याची जागा जाते. नावेला ध्वनिलहरींनी खोली मोजणारं यंत्र लावून तळाचा नकाशा केला, तर गाळ खरा कुठे साचलाय ते कळतं. आधी नकाशा, मग खोदाई, हा क्रम काटेकोर पाळला पाहिजे.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. पाणथळ जागांच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. उजनी आणि हिप्परगा दोन्ही या वगळलेल्यांत बसतात. खरं तर नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यामुळेच तयार झालं, आणि २०२० मध्ये तेच महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं. माणसाने अडवलेल्या पाण्यातही पाणथळ रुजते, याचा हा धडधडीत पुरावा.

उजनीचं पाणी आता उपसा योजनेतून हिप्परग्यात आणता येतं. म्हणजे तलाव केव्हा भरायचा हे पुष्कळसं माणसाच्या हातात आलं. शेकाट्या उन्हाळ्यातच पाण्याच्या अगदी कडेला, जमिनीवर घरटं करतो. पातळी एकदम वीतभर चढवली तर वरच्या गणिताप्रमाणे पाणी चाळीस-पंचेचाळीस मीटर आत घुसतं आणि अंडी बुडतात. तेच पाणी महिनाभर आधी, नाहीतर थोडं थोडं सोडलं, तर तलावही भरतो आणि पिल्लंही निघतात. कडेला खुणा केलेला एक खांब, पाच दिवसांनी येणारं चित्र आणि सोडलेल्या पाण्याची तारीख एकाच वहीत उतरवली, तर पंप केव्हा सुरू करायचा हे ठरवायला तेवढं पुरतं.